खोक्यामागची बारीक अक्षरं

मित्रांनो, औषधांच्या दुकानात गल्ल्याखाली एक खण असतो. रबरबँड, शाई संपलेली पेनं, कुणाचं तरी गळून पडलेलं बटण, असा सगळा गोतावळा त्यात नांदत असतो. त्या गोतावळ्यात बरीच वर्षं काढलेलं मी एक जुनं भिंग आहे. माझी काच अजून शाबूत आहे. कडेला एका जागी टवका उडाला आहे आणि काळी मूठ हातांनी झिजून गुळगुळीत झाली आहे.

माझा स्वभाव तसा खवट. लहान गोष्ट मोठी करून दाखवायची ही तर माझी जातच, त्याला इलाज नाही. पण आज जे सांगणार आहे ते मुळातच मोठं आहे. त्यात मी पदरचं काही घालणार नाही. मला त्याचं फार दुःख आहे, हे आधीच सांगून टाकतो. मधेच अडखळलो तर समजून घ्या.

माझा जन्म काच घासणाऱ्या एका कारागिराकडे झाला. आधी भरड पूड, मग बारीक, मग तिच्याहून बारीक, असं त्याने मला कित्येक दिवस घासलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. शेवटी त्याने मला वर्तमानपत्रातल्या सगळ्यात बारीक जाहिरातीवर धरलं, ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "चालेल." तो कमी बोलणारा माणूस होता. त्याच्या तोंडून तेवढं ऐकून मी हवेत गेलो होतो.

तिथून मला एका औषधवाल्यांनी विकत घेतलं. त्यांचं दुकान तीन पायऱ्या चढून होतं. आत छतापर्यंत काचेची कपाटं होती आणि मागच्या दारातून गेलं की त्यांचं दोन खोल्यांचं घर. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पाकिटांवरचं बारीक छापील वाचायला त्यांना मी हवा होतो. छापील मी बरोबर दाखवायचो. डॉक्टरांचं अक्षर मात्र मी कितीही मोठं केलं तरी अक्षरच राहायचं, त्याचा शब्द काही होत नसे. औषधवाले ते कसे वाचत, देव जाणे.

त्यांना दोन मुली होत्या. मोठीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. छोटी चार वर्षांची असताना त्यांची आई गेली. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या दिवसापासून छोटीची वेणी, छोटीचा डबा, छोटीचं दुखणंखुपणं, सगळं ताईच्या अंगावर पडलं आणि तिने ते कुरकुर न करता घेतलं. वडील चांगले होते, पण दुकानात बुडालेले असायचे.

छोटीला इसब होता. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातांवर. ती खाजवून खाजवून रक्त काढायची. शाळेत तिचा हात धरून फेर धरायला कुणी तयार नसे. एकदा ती घरी येऊन म्हणाली, "ताई, माझे हात बदलून मिळतील का?" ताई हसली, पण मागे वळून तिने डोळे पुसले. मी काउंटरवरच होतो.

मग जो तो एकेक क्रीम सुचवू लागला. शेजारच्यांनी एक दिलं, डॉक्टरांनी एक लिहून दिलं, वडिलांनी फळीवरून तीन काढून दिली. पाचांपैकी दोन लावून काही फरक पडला नाही आणि तीन लावून हात आणखी पेटले. वडील म्हणाले, "हिची कातडीच तशी." ताईला हे पटलं नाही. एका दुपारी तिने पाचही खोकी टेबलावर ओळीने उलटी ठेवली, मला हातात घेतलं आणि पहिल्यांदाच खोक्याची मागची बाजू वाचली.

मित्रांनो, खोक्याची पुढची बाजू सगळ्यांना वाचता येते. तिथे गुलाब असतो, टपोरी अक्षरं असतात, चमक असते. खरी गोष्ट मागे लिहिलेली असते आणि ती अशा अक्षरांत की मुंगीनेही चष्मा मागावा. तिथे घटकांची यादी असते. जे सगळ्यात जास्त घातलंय त्याचं नाव पहिलं आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. अगदी एक टक्क्याहूनही कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. पुढे गुलाबाचं एवढं मोठं चित्र असलेल्या एका खोक्यावर गुलाब मागून दुसरा होता. पहिलं होतं पाणी. नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय.

ताईने वहीच्या कागदावर पाच रकाने पाडले. निरुपद्रवी दोन क्रीममध्ये जे जे होतं ते तिने त्रास देणाऱ्या तिन्हींच्या यादीतून खोडलं. ग्लिसरीन गेलं, पेट्रोलियम जेली गेली, मेण गेलं. शेवटी तिन्ही रकान्यांत एकच नाव उरलं, लॅनोलिन. मेंढीच्या लोकरीतून काढतात ते मेण. पुष्कळांच्या कातडीला ते छान मऊ करतं. थोड्या काही जणांना मात्र ते अजिबात सोसत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी छोटीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून पाहिलं आणि दोन दिवसांनी सांगितलं, "बरोबर ओळखलंत. हिला लॅनोलिन नको." पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ती. त्या दिवशी वडिलांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता हे तुझंच."

पुढे ताई औषधांचं शिकली, परीक्षा पास झाली आणि दुकानात उभी राहिली. मग आमचे चांगले दिवस आले. लोक औषधं घ्यायला यायचे आणि पिशवीतून एखादी बाटली काढून म्हणायचे, "ताई, एवढं जरा वाचून सांगा ना, हे लावू की नको?" ताई मला उचलायची, यादीवरून सावकाश फिरवायची आणि समजावून सांगायची. ग्लिसरीन कातडीत पाणी धरून ठेवतं आणि पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते, म्हणून कोरड्या हाताला दोन्ही असलेलं बरं. युरिया थोडा असला तर मऊ करतो, जास्त असला तर जाड कातडी उतरवतो आणि भेगांवर लावला तर डोळ्यांतून पाणी काढतो. अल्कोहोल शब्द दिसला की दचकू नका, सेटिल अल्कोहोल हा मेणासारखा मऊ पदार्थ आहे, कातडी सुकवणारं अल्कोहोल वेगळं. आणि 'सुगंध' एवढा एकच शब्द लिहिला असेल तर त्याच्या आड कितीतरी पदार्थ बसलेले असू शकतात, नाजूक कातडीच्या माणसाने त्याला लांबूनच नमस्कार करावा.

समोरच्या शिंपीणबाई आमच्या नेहमीच्या. एकदा त्या गालावरचे डाग घालवायला चेहऱ्याला लावायच्या सौम्य आम्लाची बाटली घेऊन आल्या. "आठ दिवसांत जातील ना?"

"आठ दिवसांत गाल जाईल," ताई म्हणाली. "हे आठवड्यातून दोनदा, थोडंसं. आणि उन्हात जाताना ऊन अडवणारं काहीतरी लावा, नाहीतर डाग वाढतील."

"म्हणजे पी हळद आणि हो गोरी असं नाही."

"नाही. आणि यावर लिहिलंय 'नैसर्गिक', त्यालाही भुलू नका. लिंबाचं तेलही नैसर्गिकच असतं, पण चेहऱ्यावर लावून उन्हात गेलात की काय होतं ते कळेल."

दुकानात हशा पिकायचा. लोक ताईला हुशार म्हणायचे, आणि कुणी कुणी माझ्याकडे बोट दाखवून "भिंग बाकी जुनं आणि चांगलं आहे हं" असंही म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

या सगळ्या वाचनातून छोटीचं क्रीम सापडलं. पांढरी ट्यूब, हिरवी पट्टी, वास नाही, लॅनोलिन नाही. तीन महिन्यांत छोटीचे हात बरे झाले. तुम्हाला बरे म्हणजे काय ते कळायचं नाही, कारण तुम्ही ते माझ्यातून पाहिलेले नाहीत. जिथे भेगा होत्या तिथे नव्या कातडीच्या बारीक रेषा आल्या, बोटांवर ठसे उमटले. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी छोटी काउंटरवर दोन्ही हात पसरायची आणि ताई एकेक बोट धरून क्रीम लावायची. "अंगठेमहाराज झाले, आता करंगळीबाई," असं काहीतरी चाललेलं असायचं. छोटी मोठी झाली, कॉलेजला गेली, तरी हा पाठ चुकला नाही.

छोटी नर्स झाली. वडील तेवढं पाहून गेले. आणि तिला नोकरी मिळाली ती तिने मागितलेली, नवजात बाळांच्या वॉर्डात. पहिले सहा महिने पारखण्याचे, मग कायम. पहिल्या दिवशी घरी येऊन ती ताईला म्हणाली, "ताई, आज एका बाळाने माझं बोट धरलं. सोडेचना. केवढं गं ते, माझ्या तळव्याएवढं. मला वाटलं, हेच बोट धरायला शाळेत कुणी येत नव्हतं."

ताईने तिला जवळ घेतलं. खणात पडलेला असूनही मी सुखावलो.

हो, मी तेव्हा खणात गेलो होतो. ते सांगायचं राहिलं. ताईने एक जाडजूड वही केली होती. प्रत्येक क्रीमचं एक पान, त्यात सगळे घटक, काय कुणाला चालेल, कुणाला नाही, हे लाल आणि निळ्या शाईत. दोन-तीनशे पानं भरली तशी तिला खोकं वाचायची गरजच उरली नाही. गिऱ्हाइकाने नाव घेतलं की ती पान उघडायची. वही हुशारच होती, तिला नावं ठेवून मी लहान होणार नाही. पण वहीला एक खोड असते, एकदा लिहिलं की ती तेच सांगत राहते. मी खणात रबरबँडच्या शेजारी पडून रुसलो होतो. तो रुसवा किती क्षुल्लक होता ते मला पुढे कळलं.

नोकरीला चार महिने झाले होते. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. छोटी काउंटरशी येऊन उभी राहिली.

"ताई, हे क्रीम हल्ली झोंबतं गं."

"कोणतं? आपलं?" ताई गोळ्यांची पाकिटं मोजत होती.

"हो. लावलं की आग होते. मग पुरळ उठतं."

ताईने वही उघडली. "शक्यच नाही. पान एकोणीस. ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, सेटिल अल्कोहोल. सुगंध नाही, लॅनोलिन नाही. वॉर्डात दिवसभर हात धुतेस, त्याचं आहे ते. जरा जास्त लाव."

छोटी जास्त लावू लागली.

तुम्ही म्हणाल, छोटी शिकलेली होती, तिने स्वतः का नाही वाचलं? सांगतो. यादी खोक्यावर छापलेली असायची, ट्यूबवर नाही. ताई खोकं दुकानात टाकून द्यायची आणि ट्यूब छोटीच्या पिशवीत घालायची. आणि खरं सांगायचं तर ताई असताना आपण वाचायचं असतं, हे छोटीच्या मनातच आलं नाही. ताई सांगेल ते तिची कातडीसुद्धा लहानपणापासून ऐकत आली होती.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. "ताई, मी दोन दिवस लावलं नाही, तर बरं वाटलं."

"दोन दिवस तुला सुट्टी होती," ताई म्हणाली. "साबण लागला नाही, म्हणून बरं वाटलं. डोकं चालव जरा."

बघा मित्रांनो, किती शहाणं उत्तर होतं. वर्षानुवर्षं याद्या ताडून पाहणाऱ्या माणसालाच असं उत्तर सुचतं. एखाद्या अडाण्याने सरळ म्हटलं असतं, मग लावू नकोस. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. छोटीचे हात समोर काउंटरवर होते, आणि ताईने वही पाहिली.

तिसऱ्यांदा छोटी आली तेव्हा तिच्या आवाजावरूनच मी ओळखलं की हात बिघडले आहेत. ती त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी विचारलं होतं, नवीन काय लावतेस? ती म्हणाली होती, नवीन काहीच नाही, आठ वर्षांचंच क्रीम आहे, ताईने पारखलेलं. मग ते नसेल, असं तेही म्हणाले होते.

"ताई," छोटी हळूच म्हणाली, "एकदा खोकं वाचशील का?"

"आठ वर्षं ओळखते मी ते क्रीम. आता तू मला शिकवणार?" ताईचा आवाज चढला. दिवसभर उभं राहून ती दमली होती, हे मला माहीत आहे. तरीही ती जे बोलली ते बोलली. "खरं सांग, तिथल्या मैत्रिणींचं वासाचं काहीतरी चोरून लावतेस ना? हाताला वास येतोय तुझ्या."

"तो तिथला साबण आहे," छोटी म्हणाली आणि आत गेली.

मी त्या वेळी ताईच्या हातापासून वीतभर अंतरावर होतो. मधे फक्त खणाची फळी होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. रबरबँड, पेनं आणि मी, आम्ही सगळे नुसते पडून होतो.

पुढच्या आठवड्यात छोटीच्या दोन बोटांत पू झाला. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर भल्या बाई होत्या. त्यांनी तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, "तुझा दोष नाही, पोरी. पण उघड्या जखमेचा हात या बाळांना लावता येत नाही." छोटी सुट्टीवर गेली. सुट्टी वाढत गेली. हात बरे होईनात, कारण सुट्टीतही ती तेच क्रीम लावत होती, दिवसातून चार वेळा, ताई म्हणाली होती म्हणून. सहा महिने पुरे झाले आणि तिची जागा दुसरीला दिल्याचं पत्र आलं.

ते पत्र आलं त्यानंतर तीनच दिवसांनी शिंपीणबाई दुकानात आल्या. हातात तीच पांढरी ट्यूब, हिरवी पट्टी, खोक्यासकट. "नातीसाठी घेतलंय. तिला लोकर सोसत नाही. ते तुमचं लोकरीचं मेण नाही ना यात?"

"नाही," ताई म्हणाली आणि वहीकडे हात नेला.

"वहीत नको बाई. यावर वाचा. पूर्वी कसं भिंग लावून वाचायचात, मला तेच बरं वाटतं."

म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून ताईने खण उघडला. तिने मला पदराने पुसलं आणि यादीवर धरलं. पाणी. ग्लिसरीन. पेट्रोलियम जेली. सेटिल अल्कोहोल. ती भराभर पुढे जात होती, आणि मग माझी मूठ तिच्या हातात हलायची थांबली. सातवं नाव लॅनोलिन होतं.

खोकं तेच, पट्टी तीच, नाव तेच. कारखान्याने आतली कृती बदलली होती आणि नियमाप्रमाणे मागे छापली होती. कुणी काही लपवलं नव्हतं. वाचायचं फक्त राहिलं होतं.

ताईने फळीवरचं दुसरं खोकं काढलं, तिसरं काढलं, तळाशी राहिलेलं एक जुनं काढलं. जुन्यावर ते नाव नव्हतं. तिने या दोन-अडीच महिन्यांत स्वतःच्या हाताने छोटीच्या पिशवीत किती ट्यूब घातल्या असतील, ते तिला आठवत असावं, कारण ती खाली बसली. शिंपीणबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" "हे नातीला लावू नका," एवढंच ताई म्हणाली.

मला मुठीत घट्ट धरूनच ती आत गेली. छोटी खिडकीशी बसली होती, हातांना गॉज गुंडाळलेलं. ताईने खोकं तिच्यासमोर धरलं. "यात लॅनोलिन आहे गं. त्यांनी बदललं. मी वाचलं नाही. छोटी, मी वाचलंच नाही."

छोटीने खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी तुला तीनदा सांगितलं, ताई."

"हो."

"चूक कुणाचीही होते. त्याचं मला काही नाही." तिचा आवाज अगदी शांत होता. "पण तू म्हणालीस, मी चोरून लावते. माझे हात बघून तुला मी खोटी वाटले."

ताई रडली, पाया पडायला वाकली, छोटीने तिला खांद्याला धरून उठवलं. तळव्याने धरता येत नव्हतं, म्हणून मनगटाने. ती रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती भांडली नाही. महिन्याभरात तिने लांबच्या एका गावात इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर काम धरलं. कागद लिहायचे, चिठ्ठ्या द्यायच्या, बाळांना हात लावायचा प्रश्न नाही. ती गेली तेव्हा ताई पायऱ्यांवर उभी होती आणि मी तिच्या हातात होतो. कोपऱ्यावर वळताना छोटीने मागे पाहिलं नाही.

तेव्हापासून ताईने मला खणात ठेवलेलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती रोज येणारं प्रत्येक खोकं नव्याने वाचते, काल वाचलेलंसुद्धा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी वाचते. लोक पाठीमागे म्हणतात, बाईंना नाद लागलाय. माझा मान परत आला, पण तो मला नको होता मित्रांनो, या किमतीत तर नकोच. ताई छोटीला पत्रं लिहायची, फोन करायची. छोटी उत्तर द्यायची. तब्येत बरी आहे, काम बरं आहे, तू जप. एवढंच.

परवा, म्हणजे पाच वर्षांनी, छोटी दुकानात आली. कामासाठी या गावात आली होती, तासाभरात तिची गाडी होती. ताईला काय करू आणि काय नको असं झालं. तिने स्टूल पुसलं, पाणी आणलं. छोटी बसली. लांब बाह्यांचा अंगरखा घातला होता तिने, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

"एक क्रीम हवं होतं," ती म्हणाली. "हाताचं. साधं."

ताईने फळीवरून तीन खोकी काढली, त्यांतून एक निवडलं. "हे चांगलं आहे. थांब, तुझ्यासमोर वाचून दाखवते."

"नको ताई. भिंग दे, मी वाचते."

ताईने मला तिच्या हातात दिलं. कितीतरी वर्षांनी छोटीचा हात मला लागला. तिने खोकं आपल्याकडे वळवलं, त्यामुळे ताईकडे पुढची बाजू गेली आणि मागची बाजू, छोटीच्या बोटांसकट, माझ्याकडे आली. ती एकेक नाव पुटपुटत वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताई काउंटरपलीकडे हात जोडून उभी होती.

मी यादी पाहत नव्हतो. मी तिची बोटं पाहत होतो. भेगा होत्या, तीन बोटांवर, ओल्या. अंगठ्याच्या पेरावर कालपरवाचं सुकलेलं रक्त होतं.

छोटीने मला खाली ठेवलं आणि हात बाह्यांत ओढून घेतले.

"आग होते का गं अजून?" ताईने विचारलं.

मित्रांनो, हा प्रश्न तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारला होता. त्या तीन वेळांत एकदा जरी विचारला असता तर छोटी आज बाळांच्या वॉर्डात असती. विचारताना तिचा चेहरा असा झाला होता की मला तो मोठा करून पाहायचा नव्हता.

"नाही गं," छोटी हसून म्हणाली. "आता काही होत नाही."

ती खोकं पिशवीत टाकून पायऱ्या उतरून गेली. ताईने मला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "बरे झाले बाई हात." तिला खरंच आनंद झाला होता. मी तिच्या मुठीत होतो आणि मला सगळं माहीत होतं, आणि मी तिला काहीच सांगू शकलो नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. अंगाला जे लावाल त्याच्या खोक्याची मागची बाजू वाचा, आणि दर वेळी नव्याने वाचा, कालचं आजला चालेलच असं नाही. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट करा. घरातलं कुणी तुमच्यापाशी येऊन म्हणालं, मला दुखतंय, मला झोंबतंय, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि पहिल्याच वेळी त्याच्याकडे बघा. तुम्हाला कितीही ठाऊक असलं तरी बघा. छोटीने तीनदा सांगितलं होतं. आता ती सांगत नाही.